पुसलेल्या जागी काय येते?

नालासोपारा स्थानकातून पश्चिमेला निर्मळमार्गे गेले, की कळंबचा समुद्रकिनारा लागतो. काळसर वाळू, सुरूची झाडे आणि सुट्टीच्या दिवशी सहलीला आलेल्यांची गर्दी. एका वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही नववीच्या मुलामुलींना घेऊन तेथे गेलो होतो. काम साधे होते. भरतीची रेषा कोठपर्यंत येते ते पाहायचे, काठावरची किती झाडे उभी आहेत ते मोजायचे आणि छायाचित्रे काढून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षीच्या वर्गाला ताडून पाहता येईल.

परतल्यावर छायाचित्रे वर्गाच्या भिंतीवर लावायची ठरली. एका मुलीने आणलेले चित्र सर्वांनाच आवडले. स्वच्छ किनारा, मागे लाटा, मध्ये हसणाऱ्या मैत्रिणी. तरी काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. मग ध्यानात आले. मुळे उघडी पडून आडवे झालेले एक सुरूचे झाड अगदी त्यांच्या मागेच होते, ते चित्रात नव्हते! भरतीने आणून टाकलेला प्लास्टिकचा कचराही नव्हता. "ते वाईट दिसत होतं, सर. मोबाइलवर नुसतं बोट फिरवलं की जातं," ती म्हणाली.

तिला रागावण्यात अर्थ नव्हता. छायाचित्रकार दीडशेहून अधिक वर्षे जे करत आले, तेच तिने दोन सेकंदांत केले होते. आम्ही तिला एवढेच विचारले, "झाड गेले हे ठीक; पण त्याच्या जागी जी वाळू दिसते आहे, ती कोठून आली?" या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडा इतिहास पाहावा लागतो.

गंमत अशी, की चित्रातून नको असलेल्या गोष्टी पहिल्यांदा कोणी पुसल्या नाहीत. त्या कॅमेऱ्यानेच पुसल्या. १८३८ साली लुई दागेर याने पॅरिसमधील एका रहदारीच्या रस्त्याचे चित्र घेतले. पत्र्यावर प्रतिमा उमटायला त्या काळी काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात घोडागाड्या आणि पादचारी पुढे निघून गेले, त्यांची खूण पत्र्यावर राहिलीच नाही. उमटला तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला एक माणूस. भरलेला रस्ता चित्रात ओस पडला! येथे पुसलेल्या जागी काय आले? त्या गाड्यांच्या मागे खरोखरच असलेला रस्ता. भर होती, पण ती त्याच जागेची होती.

पुढे काचेच्या निगेटिव्हचा जमाना आला आणि माणसाचा हात चित्रात शिरला. निगेटिव्हमध्ये उजेड-अंधार उलटे असतात हे आपण जाणतोच. त्यामुळे काचेवर टोकदार पेन्सिलीने रेघा मारल्या, की छापलेल्या चित्रात तो भाग उजळतो. चाकूच्या टोकाने थर खरवडला, की तो काळवंडतो. चेहऱ्यावरची सुरकुती पेन्सिलीने जाई, अपारदर्शक रंग फासला की मागची भिंत नाहीशी होई. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात असे हात फिरवलेले काम लोकांसमोर ठेवले, तेव्हा लोक चकित झाले.

आपली मुंबईही मागे नव्हती. १८५४ साली येथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या काळातले जाणते छायाचित्रकार. याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सनने मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या निरनिराळ्या समाजांची ओळख करून देणारे दोन सचित्र खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यांतली कित्येक चित्रे जोडचित्रे आहेत. माणसे एका छायाचित्रातून कापून घेतलेली, मागचे दृश्य दुसऱ्याच छायाचित्रातले. ती माणसे खरी, ती जागाही खरी. पण ती माणसे त्या वेळी त्या जागी उभी नव्हती! माहिती म्हणून हे खंड चाळणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी.

हात फिरवण्याची ही कला कधीकधी भयंकर कामालाही आली. १९३७ साली मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या काठी स्टालिनबरोबर चालणाऱ्या निकोलाय येझोव्हचे छायाचित्र घेतले गेले. हा गुप्त पोलीस खात्याचा प्रमुख. पुढे त्याच्यावर मर्जी फिरली आणि १९४० मध्ये त्याला गोळी घालण्यात आली. नंतर छापलेल्या चित्रात स्टालिनच्या शेजारी कोणीच नाही. तेथे दिसते ते कालव्याचे शांत पाणी. ते पाणी कोणीतरी बसून रंगवलेले होते.

मग संगणक आला. संगणकाच्या दृष्टीने चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक चित्रबिंदूचा रंग काही आकड्यांनी लिहिलेला असतो. आकडा बदलला, की रंग बदलतो; ना खरवडल्याची खूण, ना रंगाचा थर. 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर उभ्या चौकटीत बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले, तेव्हा मोठी चर्चा झाली. १९९० मध्ये थॉमस आणि जॉन नोल या भावांचा 'फोटोशॉप' बाजारात आला आणि हे काम साध्या टेबलावर होऊ लागले. तरीही एका जागचा तुकडा उचलून दुसऱ्या जागी बसवायचा, तो माणसानेच.

हे काम संगणकालाच शिकवता येईल का? १९९९ मध्ये अलेक्सेई एफ्रॉस आणि थॉमस लुंग यांनी एक सोपी युक्ती मांडली. खड्ड्याच्या काठावरचा एक बिंदू घ्या. त्याच्या आसपासच्या ठिपक्यांसारखी रचना त्याच चित्रात आणखी कोठे आहे ते शोधा आणि तेथला बिंदू येथे आणा. असे करत खड्डा भरत जा. २००० साली मार्सेलो बर्तालमिओ आणि सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग दाखवला. खड्ड्याच्या काठाशी तुटलेल्या रेषा आत वाढवत न्यायच्या, जणू बाजूचा रंग हळूहळू आत झिरपतो आहे. या कामाला त्यांनी दिलेले नाव जुनी चित्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या भाषेतून घेतले होते. २००९ मध्ये जुळणारे तुकडे फार वेगाने शोधण्याची रीत निघाली आणि २०१० पासून ती फोटोशॉपमध्ये आली. येथवर एक गोष्ट कायम होती. भर त्याच चित्रातली होती. झाडाच्या जागी आलेली वाळू निदान त्याच किनाऱ्याची असे.

यानंतर मात्र मोठा फरक पडला. २०१६ साली दीपक पाठक आणि सहकाऱ्यांनी एका कृत्रिम चेताजालाला असंख्य चित्रे दाखवली. प्रत्येक चित्राचा एक भाग झाकायचा, तेथे काय असेल ते जालाने सांगायचे, मग खरे काय ते दाखवून चूक सुधारायची. अशा सरावाने जाल अंदाज बांधायला शिकले. अलीकडच्या साधनांत आणखी एक रीत आहे. चित्रात ठिपक्यांचा गोंधळ थोडाथोडा मिसळत जायचे आणि तो उलट दिशेने कसा दूर करावा हे संगणकाला शिकवायचे. मग कोऱ्या गोंधळातूनही चित्र उभे राहते. २०२१ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल फोनमध्ये नको ते पुसणारे साधन दिले. आता अशी साधने किती तरी फोनांत आहेत.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर काय? तिच्या चित्रातली वाळू निव्वळ कळंबची असेलच असे नाही. अशा साधनांना कोणकोणते किनारे दाखवलेले असतात, त्या सर्वांची मिळून होणारी ती 'बहुधा अशी असेल' वाळू. संगणक खोटे बोलत नाही आणि खरेही बोलत नाही. तो सर्वांत संभाव्य ते सांगतो. किनाऱ्यावर संभाव्य काय? वाळू आणि लाटा. असंभाव्य काय? आडवे पडलेले झाड! पण आम्ही कळंबला गेलो होतो ते नेमके तेच पाहायला. नोंदीचे मोल असते ते अशा वेगळ्या गोष्टीत, आणि साधन नेमकी तीच काढून नेहमीचे भरते.

मग भर घालणेच वाईट का? तसे नाही. याचे उत्तम उदाहरण आमच्या शेजारीच आहे. डॉ. भाऊ दाजींसाठी शिलालेखांचे ठसे घेत हिंडलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्याच वर्षी तेथे सम्राट अशोकाच्या आठव्या प्रस्तरलेखाचा एक तुकडा त्यांना मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये कळंबच्या दक्षिणेला असलेल्या भुईगावात सापडला. दोन्ही तुकडे फुटके. ओळी मध्येच तुटतात. पण हेच लेख गिरनार, कालसी, शाहबाजगढी अशा दूरदूरच्या ठिकाणीही कोरलेले आहेत. त्यांच्याशी ताडून गळालेला मजकूर कळतो. पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रांना जात, शिकार करत. आपण धर्मयात्रा करतो, असे आठव्या लेखात अशोक सांगतो. (कळंबच्या सहलीला निघालेल्यांनी हे जरूर आठवावे!)

आता पाहा, हीसुद्धा भरच आहे. पण अभिलेख छापताना अभ्यासक एक शिस्त पाळतात. दगडावर जे दिसते ते तसेच. जे आपण भरले ते चौकटी कंसात. जे कळत नाही तेथे टिंबे. दगड काय सांगतो आणि अभ्यासक काय सांगतो, हे वाचणाऱ्याला वेगळे दिसते. इटलीत चेझारे ब्रांदी यांच्या प्रेरणेने जुन्या चित्रांची दुरुस्ती करणाऱ्यांनीही असाच नियम केला. गेलेला भाग बारीक उभ्या रेघांनी भरायचा. लांबून चित्र सलग दिसते, जवळ जाताच भर ओळखू येते. मोबाइलच्या चित्रात हे कंस नसतात, एवढीच खरी अडचण. २०२१ पासून काही कंपन्या आणि वृत्तसंस्था चित्राबरोबर त्याच्या फेरफारांची नोंद जोडण्याची पद्धत तयार करत आहेत. तीही एक प्रकारे कंसांचीच सोय.

वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. वर्तमानपत्रातल्या एका छायाचित्राच्या चार प्रती घ्या. प्रत्येकीवर एकाच जागी रुपयाएवढे भोक पाडा आणि चार गटांना ते पेन्सिलीने भरायला सांगा. भोक आकाशात असेल तर चौघांची उत्तरे जुळतील. ते कोणाच्या हातातल्या वस्तूवर असेल, तर चार गट चार वस्तू काढतील आणि चौघेही चुकण्याची शक्यता आहे. मग कापलेला तुकडा दाखवा. अंदाज आणि पुरावा यांतला फरक मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही.

आमच्या कळंबच्या छायाचित्राची मूळ प्रत सुदैवाने त्या मुलीच्या फोनमध्ये होती. आता भिंतीवर दोन्ही चित्रे शेजारी लावली आहेत. पहिल्याखाली तारीख आहे. दुसऱ्याखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, [येथे झाड होते. वाळू भरलेली आहे.] चौकटी कंसांसकट.