पिवळा बेसाल्ट आणि ठाणे जिल्ह्याचे दोन दगड

गेटवे ऑफ इंडियाचा दगड कोणता, असे विचारले की बहुतेक माहितीपुस्तके ‘पिवळा बेसाल्ट’ म्हणून मोकळी होतात. गेटवेचाच वास्तुकार जॉर्ज विटेट याच्या आराखड्यानुसार त्याच काळात उभ्या राहिलेल्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमबद्दल मात्र कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट अशी दोन नावे वाचायला मिळतात. कुर्ला आणि मालाड तेव्हा साष्टीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात होते. मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला तो १९२० साली. माझ्या मते ‘पिवळा बेसाल्ट’ हे मालाडच्याच दगडाला केवळ रंगावरून पडलेले नाव आहे, आणि ठाणे जिल्ह्याने दोन वेगळ्या कुळांचे दगड पुरवले ही गोष्ट त्याने झाकली जाते.

अग्निजन्य खडकाचे कूळ रंगावर ठरत नाही. त्यात सिलिका किती आणि शिलारस कुठे, किती वेगाने थिजला, हे पाहावे लागते. बेसाल्टमध्ये सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के असते. हा रस भूकवचाखालच्या प्रावरणातून येतो, पातळ असतो आणि दूरवर पसरतो. ट्रॅकाइटमध्ये सिलिका साठ टक्क्यांच्या आसपास, ऱ्हायोलाइटमध्ये त्याहून जास्त. हे रस चिकट असतात. ते बेसाल्टी रसातूनच खनिजे निवळत जाऊन तयार झाले, की त्या रसाच्या उष्णतेने वितळलेल्या जुन्या कवचातून, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. उलट डोलेराइट रासायनिकदृष्ट्या बेसाल्टच. फक्त तो जमिनीखालच्या भेगांत सावकाश थिजल्यामुळे त्याचे कण मोठे.

काळा बेसाल्ट पूर्वेकडे आणि पिवळसर ट्रॅकाइट किनाऱ्याकडे, ही वाटणीही योगायोगाची नाही. सह्याद्रीत लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत; पनवेल-कल्याणच्या पट्ट्यात ते वाकतात आणि पश्चिमेला समुद्राकडे कलतात. त्यामुळे मुंबईकडे जावे तसे वरचे, नंतरचे थर लागतात. दख्खनचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. मुंबईतले ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट त्यानंतर काही दशलक्ष वर्षांनी आले. अंबरनाथचे शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० ची नोंद आहे, काळ्या बेसाल्टमध्ये घडले ते याच भूगोलामुळे. मंदिर बांधणाऱ्या शिलाहार राजांच्या पाथरवटांना हाताशी तोच दगड होता.

यावर कोणी म्हणेल, बेसाल्टही ऊनपावसात पिवळा-तांबूस पडतो, मग नाव चुकीचे कसे? पडतो खरा, पण अशा झिजेने दगड ठिसूळ होतो, आणि तसला दगड कमानीसाठी निवडण्याइतका विटेट भोळा नव्हता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गवंड्याला सिलिकेशी काय देणेघेणे, त्याला घडणीला सोपा दगड हवा. खरे आहे, पण ही सोय दगडाच्या घडणीतूनच येते. मालाडचा दगड कापायला तुलनेने सोपा, म्हणून तो दर्शनी भिंतींवर गेला. काळा दगड छिन्नीला दाद देत नाही. अंबरनाथच्या शिल्पींची कसोटी तिथेच लागली. पुढे ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या खाणींत या दगडाची खडी होऊ लागली, तेव्हा हाच टणकपणा त्याचा गुण ठरला, आणि क्रशरवर बेसाल्ट काय नि डोलेराइट काय, दोन्ही ‘काळा दगड’ याच नावाने गेले. खडीसाठी हा गोंधळ चालून जातो, कारण रसायन एकच आहे. मालाडच्या दगडाला बेसाल्ट म्हणताना मात्र तेवढाही आधार उरत नाही.