यंत्र उठत नाहीं तेव्हां

सकाळीं बटण दाबावें, पंखा फिरावा, दिवा लागावा, आणि पडदा मात्र काळाच राहावा. बंद करून पुन्हा चालू केलें तरी तोच प्रकार. तिसऱ्या किंवा चवथ्या खेपेस मात्र जणुं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत संगणक चालू व्हावा आणि रात्रीपर्यंत मुकाट्यानें काम देत राहावा, हा अनुभव २००३ पासून पुढच्या तीन-चार वर्षांत ज्यांच्या घरीं संगणक होता त्यांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. माझ्या घरीं हें नाटक जवळजवळ आठ महिने चाललें. तेवढ्या अवधींत घरांतल्या प्रत्येकाची त्याविषयीं एकेक उपपत्ति तयार झाली होती. एकाच्या मतें धूळ, दुसऱ्याच्या मतें पावसाळी दमट हवा, तिसऱ्याच्या मतें धाकट्या चिरंजीवांनीं आंत घातलेले खेळ. ज्या दुकानदाराकडून यंत्र घेतलें होतें त्यानें आमच्या घरच्या विजेवर सारा दोष ढकलला आणि एक स्टॅबिलायझर आमच्या गळ्यांत बांधला. या चारहि उपपत्ति चुकीच्या निघाल्या. त्यांत एक गोष्ट मात्र समान होती: दोष घरचा, यंत्राचा नव्हे. यंत्र उठलें नाहीं म्हणजे अपराध कोणाच्या माथीं मारावयाचा, या प्रश्नाचा इतिहास त्यामुळें मला पाहावासा वाटला; आणि तो वाटला होता त्याहून बराच मनोरंजक निघाला.

प्रथम मुळांतला पेंच सांगितला पाहिजे. वीज लागतांक्षणीं संगणकाची पाटी कोरी असते. त्याला जें कांहीं करतां येतें तें आज्ञांच्या जोरावर; पण बाहेरच्या आज्ञा आंत कशा घ्यावयाच्या, हें सांगणारी देखील एक आज्ञाच लागते, आणि ती तर अजून आंत आलेली नसते. बीज आधीं कीं वृक्ष आधीं, या जुन्या वादाचाच हा प्रकार! इंग्रजींत या क्रियेला जें नांव पडलें आहे तें स्वतःच्या बुटाचे पट्टे धरून स्वतःलाच वर उचलणाऱ्या माणसाच्या कल्पनेवरून पडलें आहे. केंब्रिज येथील एडसॅक या यंत्रानें ६ मे १९४९ रोजीं वर्गसंख्यांचें कोष्टक छापून दाखविलें, तेव्हां डेव्हिड व्हीलर या तरुणानें हा पेंच अवघ्या ३१ आज्ञांत सोडविलेला होता. टेलिफोन-केंद्रांत वापरावयाच्या फिरत्या स्विचांवर त्या आज्ञा कायमच्या बांधून ठेविल्या होत्या. कळ दाबली कीं त्या यंत्राच्या स्मृतींत उतरत, आणि मग त्यांच्या आधारानें यंत्र पुढची कागदी पट्टी वाचूं लागे. आजच्या संगणकाच्या उठण्याचें तत्त्व याहून निराळें नाहीं.

घरगुती संगणक यावयास मात्र आणखी पंचवीस वर्षें लागलीं. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर ८८००' झळकला, तो सुट्या भागांच्या खोक्यांतून घरीं येई व ज्याचा त्यानें जोडावयाचा असे. स्मृति २५६ बाइटांची. कळफलक नाहीं, पडदा नाहीं. समोर स्विचांच्या रांगा आणि मिणमिणते लाल दिवे. प्रत्येक वेळीं आरंभींच्या आज्ञा मालकानें स्वतःच्या बोटांनीं, एकेक स्विच वरखालीं करून, आंत घालावयाच्या. एक चुकला कीं पुनश्च हरिः ॐ. पॉल ॲलन हे स्वतः व बिल गेट्स यांनीं तयार केलेली बेसिक भाषा दाखविण्यासाठीं विमानानें आल्बुकर्कीस निघाले, तेव्हां विमान उतरावयास लागल्यावर त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपली पट्टी यंत्राच्या आंत घेणाऱ्या आरंभींच्या आज्ञा लिहावयाच्याच राहिल्या आहेत. त्या त्यांनीं बसल्या जागीं कागदावर उतरून काढल्या, आणि पुढें यंत्रावर त्या बिनचूक चालल्याहि. अशा काळीं यंत्र उठलें नाहीं तर मालकानें आधीं आपल्या बोटांकडेच पाहावें, हें न्याय्यच होतें. कारण उठण्याची प्रत्येक पायरी त्याच्या हातची होती.

१२ ऑगस्ट १९८१ रोजीं आयबीएम कंपनीनें आपला घरगुती व कचेरींतील वापराचा संगणक बाजारांत आणला, आणि ही स्थिति पालटली. आरंभींच्या आज्ञा आतां एका चिपांत कायमच्या कोरलेल्या होत्या. इतकेंच नव्हे, तर वीज लागतांच यंत्र आपली नाडी आपणच पाहूं लागलें. सर्व ठीक असलें तर एक बारीकसा 'बीप' ऐकूं येई. पडद्यावर २०१ हा आंकडा आला तर स्मृतींत बिघाड, ३०१ आला तर कळफलकांत. यांतून लोकांची मोठीच सोय झाली. परंतु सोयीबरोबर मालकाचें ज्ञानहि हातचें गेलें, हें कोणीं फारसें बोलून दाखविलें नाहीं. शिवाय या नाडीपरीक्षेस एक मर्यादा होती. वैद्य आणि रोगी एकच असल्यामुळें, वैद्याला बोलण्यापुरती शुद्ध असेल तरच निदान व्हावयाचें. ज्या बिघाडांत यंत्राला पहिला शब्दच उच्चारतां येत नाहीं, त्याविषयीं तें काय सांगणार? पडदा काळा, बीप नाहीं, आंकडा नाहीं. असल्या मौनाचा अर्थ लावण्याचें काम पुन्हा माणसाकडेच आलें, आणि तेंहि अशा माणसाकडे, ज्याला आंतलें कांहींच ठाऊक नव्हतें.

या मौनाचीं कारणें वेळोवेळीं निराळीं निघालीं. १९८० सालच्या ॲपल ३ या संगणकांत चिपा आपल्या खोबणींतून हळूहळू सैल होऊन वर येत. तेव्हां, यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर सोडून द्यावें, असा उपाय खुद्द कंपनीकडून सांगितला जाई. यंत्राला आपटून शहाणें करण्याची ही रीत आपल्याकडे रेडिओच्या बाबतींत पूर्वापार चालत आलेली असल्यामुळें, तिचें आपणांस नवल वाटूं नये! पुढें आरंभींच्या आज्ञा पुसून पुन्हा लिहितां येतील अशा चिपांत ठेवण्याची प्रथा पडली, आणि १९९८ सालीं तैवानांतील एका विद्यार्थ्यानें लिहिलेल्या सीआयएच नांवाच्या विषाणूनें त्या सोयीचाच फायदा घेतला. २६ एप्रिल १९९९ रोजीं पुष्कळ यंत्रांतील तें कायमचें पाठांतर पुसलें गेलें, आणि तीं यंत्रें उठावयाचें कसें हेंच विसरून गेलीं. हीं दोन्ही उदाहरणें गाजलीं खरीं. पण वारंवार न उठणाऱ्या संगणकाचा खरा इतिहास जो आहे तो याच्या नंतरचा, आणि त्याचा नायक, किंवा खलनायक म्हणा, बोटाच्या पेराएवढा आहे.

मदरबोर्डावर प्रोसेसरच्या आसपास लहान लहान नळकांड्यांची एक रांग दिसते. हे कपॅसिटर. त्या काळच्या प्रोसेसरांना दाब अगदीं थोडा, म्हणजे दीड व्होल्टाच्या आसपास, पण प्रवाह कित्येक ॲम्पिअरांचा लागे. आणि तो दाब क्षणभरहि हललेला त्यांना खपत नसे. बारा किंवा पांच व्होल्टांची वीज तोडून तोडून तो थोडा दाब तयार केला जातो. त्यांतले धक्के पोटांत घेऊन प्रवाह सपाट करणें हें या नळकांड्यांचें काम. नळकांड्याच्या आंत ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या गुंडाळ्या, मध्यें कागद, आणि कागदांत मुरविलेला एक द्रव असतो. द्रवाचा विद्युत्-विरोध जितका कमी तितका कपॅसिटर चपळ. आणि विरोध कमी करण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे द्रवांत पाण्याचें प्रमाण वाढविणें. पण पाणी आणि ॲल्युमिनियम यांचें पटत नाहीं. पत्र्यावर ऑक्साइडचा जो पातळ थर असतो तो टिकून राहावा म्हणून द्रवांत निरोधक द्रव्यें बेतानें मिसळावीं लागतात. तीं कमी पडलीं कीं पाणी पत्र्याला खाऊं लागतें, हायड्रोजन वायु तयार होतो, आणि नळकांड्याचें डोकें फुगतें. तें फुटून अपघात होऊं नये म्हणून डोक्यावर आधींच फुलीसारख्या खांचा पाडलेल्या असतात. त्या उकलतात व आंतला द्रव बाहेर येऊन तपकिरी खपली धरतो.

आतां सकाळच्या त्या तीन खेपांचा उलगडा होतो. द्रव थंड असला म्हणजे त्याचा विरोध वाढतो. निरोगी कपॅसिटरांत तेवढ्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण अर्धवट वाळलेल्या कपॅसिटरांत तो इतका वाढतो कीं प्रवाह सपाट होत नाहीं, आणि प्रोसेसर पहिल्या आज्ञेलाच अडखळतो. दोन-तीन खेपांत वीज खेळून नळकांडें थोडें ऊब धरतें, विरोध उतरतो, आणि यंत्र उठतें. एकदां उठलें कीं ऊब कायम राहत असल्यानें दिवसभर तक्रार नाहीं. म्हणूनच हा रोग लोकांना इतके महिने फसवूं शकला. जें यंत्र शेवटीं चालतें त्याला आजारी कोण म्हणेल? आणि तें दुरुस्तीस नेलें तर दुकानांत, वाटेवरच्या उन्हानें उबदार होऊन, पहिल्याच बटणाला चालू होई. मग दुकानदार आपल्याकडे ज्या दृष्टीनें पाही ती मी अजून विसरलों नाहीं.

असे मदरबोर्ड ठिकठिकाणीं मान टाकूं लागले, तेव्हां त्याची एक हकीकत पसरली. 'आयईईई स्पेक्ट्रम' या मासिकाच्या फेब्रुवारी १९०३ नव्हे, २००३ च्या अंकांतहि ती आली. शंभर वर्षांची चूक लेखणीकडून होते खरी, पण हकीकतच जुन्या गुप्तहेर-कादंबरीला शोभेल अशी आहे. एका जपानी कंपनींतला शास्त्रज्ञ नोकरी सोडून चीनमध्यें गेला व तेथें त्यानें मूळच्या द्रवासारखा द्रव तयार केला. पुढें त्याच्या हाताखालच्या माणसांनीं त्याचें सूत्र तैवानांत नेलें. पण तें अपुरें होतें, निरोधक द्रव्यांचा भाग त्यांत नव्हता. आणि त्या अर्धवट सूत्रावर लक्षावधि कपॅसिटर तयार झाले. चोरानें अर्धाच मंत्र चोरला आणि तोच त्याला भोंवला, ही कल्पना कोणालाहि आवडण्यासारखीच होती. ती जगभर सांगितली गेली. आजहि सांगितली जाते.

माझ्या मतें ती सबंध रोगाचें कारण म्हणून टिकत नाहीं. चोर कोण, याचें नांव त्या वृत्तांत नव्हतें, ही एक गोष्ट झाली. दुसरी अधिक वजनाची. डेल कंपनीच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेंतील ज्या संगणकांची पुढें कोर्टापर्यंत चर्चा झाली, त्यांतील सदोष कपॅसिटर निचिकॉन या जपानांतल्याच नामांकित कारखान्याचे होते. ज्यांच्या देशांतून सूत्र चोरीस गेलें म्हणतात, त्यांचाच माल फुगला, तर चोरीनें काय सिद्ध होतें? कमी विरोधाचा द्रव हवा, तो स्वस्त हवा, तो लौकर हवा, आणि पाण्याला आवर घालण्याची रसायनविद्या अवघड, एवढें कारण पुरेसें आहे. त्याला गुप्तहेराची आवश्यकता नाहीं. अर्धवट सूत्र कोठें तरी वापरलें गेलेंहि असेल. परंतु दोष नेहमीं कोणा तरी परक्या चोराच्या हातून यावा, ही इच्छा त्या हकीकतीच्या लोकप्रियतेंत मला पुराव्यापेक्षां अधिक दिसते.

डेलच्या प्रकरणांत तर याचा कळसच झाला. २००५ सालीं त्या कंपनीनें सदोष यंत्रांच्या दुरुस्तीपायीं तीस कोटि डॉलर खर्चीं टाकले. २००७ सालीं एका ग्राहक कंपनीनें तिच्यावर फिर्याद केली, आणि त्या खटल्यांतील कागदपत्रांच्या आधारें २८ जून २०१० रोजीं 'न्यू यॉर्क टाइम्स'नें सविस्तर वृत्त दिलें. मे २००३ ते जुलै २००५ या काळांत धोक्यांतील निदान १ कोटि १८ लक्ष यंत्रें विकलीं गेलीं होतीं. त्यांतलीं कांहीं टेक्सास विद्यापीठाच्या गणित-विभागांत होतीं. तीं बंद पडूं लागलीं तेव्हां तपासणीनंतर कंपनीकडून सुचविण्यांत आलें कीं, विभागानें यंत्रांवर फारच कठीण गणितांचा बोजा टाकला असावा! गणित-विभागानें गणितें करूं नयेत, तर करावें तरी काय? आमच्या दुकानदाराचा स्टॅबिलायझर आणि ही कठीण गणितें, यांत मला तरी प्रमाणाखेरीज भेद दिसत नाहीं.

पुढें चांगल्या मदरबोर्डांवर द्रवाऐवजीं घन पॉलिमर वापरलेले कपॅसिटर आले, आणि हा रोग हळूहळू हटला.

माझ्या यंत्राचा निकाल मुंबईस लॅमिंग्टन रोडच्या एका गल्लींत लागला. तेथें एक गृहस्थ पूर्वीं टीव्ही दुरुस्त करीत, आतां संगणक करीत. त्यांनीं बटण दाबलेंच नाहीं. कॅबिनेटचें झाकण काढलें, टॉर्च धरला, आणि मला म्हणाले, "साहेब, डोकीं बघा." प्रोसेसरलगत पांच नळकांडीं, तिघांचीं डोकीं गोल फुगलेलीं, एकावर तपकिरी खपली. आठ महिने तें सर्व आमच्या डोळ्यांसमोर, एका पातळ पत्र्याच्या आड, होतें. त्यांनीं पांचहि काढून, पट्ट्याची ऋण बाजू जपून, नवे डाकले. जुने कागदांत गुंडाळून माझ्या हातीं दिले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पहिल्याच बटणाला बीप ऐकूं आला. स्टॅबिलायझर आम्हीं फ्रिजला लावला.