शेजारच्या तालुक्यातली तांबडी वाईन

माढ्यात वाईनवर व्याख्यान म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या, ते मी पाहिलं. पंढरपूर इथून जवळ, तेव्हा ते साहजिकच आहे. आज प्या किंवा पिऊ नका, यातलं मी काहीच सांगणार नाही. आपल्याला शेतीचा इतिहास बघायचाय.

आपला तालुका भीमा आणि सीना या दोन नद्यांमधला. पाऊस बेताचा, उन्हाळा चाळिशीच्या पुढचा. 1980 च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झालं, पाणी आलं आणि त्याच्या मागोमाग ऊस आला. पण द्राक्षातही जिल्हा मागे नव्हता. नान्नजचे नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेत वेगळी दिसणारी फांदी हेरली, वाढवली. त्यातून ‘सोनाका’ आणि काळं ‘शरद सीडलेस’ अशी वाणं आली.

आता कुणी विचारेल, काळं द्राक्ष होतंच, मग त्याची वाईन का नाही केली? खाणाऱ्याला पातळ सालीचं, बिनबियांचं, टपोरं द्राक्ष लागतं. तांबड्या वाईनला बरोबर उलटं लागतं: बारीक मणी, जाड साल, आत बी. रंग रसातून येत नाही, सालीतून येतो. तुरटपणा साल आणि बियांमधून येतो.

आणि मिश्रण कशासाठी? फ्रान्समधल्या बोर्दोचा शेतकरी हवामानाला धास्तावलेला. मेर्लो लवकर पिकतं, कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा. एक पावसानं गेलं तर दुसरं हाताशी राहतं. म्हणजे मिश्रण हा आधी शेतकऱ्याचा विमा होता, चवीचं कौतुक नंतर आलं. इटलीत तोस्कानाची गोष्ट आणखी मजेशीर. तिथल्या कियांती वाईनच्या नियमांनुसार तांबड्यात पांढरी द्राक्षंही मिसळावी लागत. 1970 च्या दशकात ‘तिन्यानेल्लो’ काढणाऱ्यांनी तो नियम सोडला आणि स्थानिक सांजोव्हेजेला कॅबर्नेची जोड दिली.

तीच जोडी पुढे आपल्या शेजारी, माळशिरस तालुक्यात आली. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची या तीन घरांतल्या भावांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ सुरू केली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. वाईन करायला तोस्कानाचे पिएरो मासी आले. मोटेवाडी, गारवाड, निमगाव इथे बागा लागल्या. त्यांची ‘सेत्ते’ ही सांजोव्हेजे आणि कॅबर्नेचं मिश्रण. सेत्ते म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे मासी.

पण तोस्कानाची वेल इथे तशीच वागत नाही, बरं का. तिकडे थंडीत वेल झोपते. इथे झोपतच नाही, म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळ छाटणी. तिकडे तोडणी पावसाळी शरदात, इथे कोरड्या हवेत, थंडी सरता सरता. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, त्यामुळे साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. उन्हं तापली की मात्र आंबटपणा झपाट्यानं उतरतो. तोडणी चार दिवस लांबली तरी वाईन बदलते. जात इटलीची असेल, पण चवीवर सही इथल्या मुरमाची आणि उन्हाची पडते.

आता मुद्द्याचं बोलतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळालं, कारण लोकांनी माल आणि माती यांचं नातं मांडून दाखवलं. माती सांगता आली तरच वाईनला अर्थ, नाहीतर ती नुसती दारू. आणि माढ्यासाठी धडा त्याही अलीकडचा आहे. बोर्दोच्या शेतकऱ्यानं सगळा भरवसा एका जातीवर टाकला नाही. आपण मात्र धरण भरलं की ऊस, आणि आटलं की टँकर, असं करत आलो. वाईनची द्राक्षं लावा असं मी म्हणत नाही. एकाच पिकावर तालुका तोलून धरू नका, एवढंच म्हणतो.

प्रश्न असतील तर विचारा. उसावरचेसुद्धा चालतील.