हस्तिदंतामागचं लाकूड

‘ऑर्गन’ म्हटलं की आपल्या घरातल्या जुन्या माणसांना संगीत नाटकं आठवतात. रंगमंचासमोर बसून वाजवली जायची ती पायपेटी. तिच्यात सूर निघतो धातूच्या पट्ट्यांमधून. आज ज्या ऑर्गनबद्दल बोलायचं आहे, त्यात पट्ट्यांऐवजी नळ्या आहेत. प्रत्येक नळी म्हणजे जणू एक बासरी, आणि फुंकर मारायला भाता. असे मोठे ऑर्गन चर्चमध्ये असायचेच. पण श्रीमंतांच्या महालांसाठी, दालनात मावतील असे छोटे ऑर्गनही बनत.

त्यातला एक नामांकित ऑर्गन आज डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या उत्तरेला असलेल्या फ्रेडरिक्सबोर्ग किल्ल्यात आहे. तो बनवला एसायास कॉम्पेनिउस या जर्मन कारागिराने, 1610 साली. बनवून घेणारा होता ब्राउनश्वाइगचा ड्यूक हाइनरिश युलिउस. त्याच्याच पदरी मिखाएल प्रेटोरिउस हा संगीतकार होता. पुढे वाद्यांवरच्या आपल्या ग्रंथात त्याने या ऑर्गनची नोंद केली.

आधी बाहेरून पाहू. कोरीव काम केलेलं लाकडी कपाट, हस्तिदंत आणि आबनूस यांची जडणघडण, दर्शनी नळ्यांवर हस्तिदंताचा मुलामा. सुरांच्या रांगा चालू-बंद करायच्या खुंट्या चांदीच्या. दागिनाच म्हणा ना!

आता आत डोकावू. आत 27 रांगांमध्ये 1001 नळ्या आहेत आणि त्या सगळ्याच्या सगळ्या लाकडाच्या! एरवी ऑर्गनमध्ये कथील आणि शिशाच्या मिश्रणाच्या नळ्या भरपूर असतात. धातूची नळी देवळाएवढं मोठं सभागृह भरून टाकते; पण दालनात बसून ऐकायचं तर आवाज मऊ हवा. लाकूड तो मऊपणा देतं. अडचण अशी, की लाकूड हवेतल्या ओलाव्याने फुगतं, कोरडेपणाने आकसतं, तडकतं. नळीचं तोंड केसभर बिघडलं तरी सूर हरवतो. शिवाय सगळ्या रांगांचा आवाज एकसारखा असून चालत नाही. कुठे बासरी, कुठे नाकातला किरटा सूर, कुठे बॅगपाइपसारखा अखंड घुमणारा नाद. हे सगळं त्याने लाकडातून काढलं. हस्तिदंत विकत घेता येतं, हे कसब नाही.

1613 साली ड्यूक वारला. त्याची पत्नी एलिझाबेथ ही डेन्मार्कचा राजा चौथा ख्रिस्तियान याची बहीण. नात्यातून हा ऑर्गन राजाकडे गेला. 1617 साली तो फ्रेडरिक्सबोर्गला पोहोचला आणि पुन्हा जुळवण्यासाठी कॉम्पेनिउस स्वतः गेला. हजार नळ्या परमुलखात नेऊन पुन्हा सुरात आणायच्या, हे काम दुसऱ्यावर कसं सोपवणार? त्याच वर्षी, तिथेच त्याचा मृत्यू झाला. घरी परतणं त्याच्या नशिबात नव्हतं.

1895 साली पॅरिसहून आलेल्या फेलिक्स राइनबुर्ग या कारागिराने ऑर्गनची दुरुस्ती केली. विसाव्या शतकातही त्याची डागडुजी झाली. चारशे वर्षं उलटली, तरी तो वाजतो आहे.

यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. याचे भाते अजूनही माणूसच हलवतो. वादकाच्या बोटांना टाळ्या मिळतात, हस्तिदंताचे फोटो निघतात. पण मागे उभा असलेला माणूस थांबला, की 1001 नळ्या मुक्या होतात.

ड्यूकने वैभव दाखवण्यासाठी हे वाद्य घडवलं असेल. वैभव डोळ्यांना दिसतं, तेवढंच. सूर मात्र राखला आहे तो न दिसणाऱ्या लाकडाने आणि न दिसणाऱ्या हातांनी. म्हणून पुढच्या वेळी संग्रहालयात असं नटलेलं वाद्य दिसलं, तर नक्षी जरूर पाहा. पण मग मागच्या बाजूलाही एक फेरी मारा. खरी कारागिरी बहुधा तिकडेच असते.

भेटू पुढच्या भागात.