डोनोरा : एका गावाचा श्वास कोंडला तेव्हा

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्यांचा धूर हिवाळ्याच्या पहाटे वर चढत नाही, जमिनीलगत रेंगाळतो. दम्याच्या माणसाला ते सगळ्यांच्या आधी कळतं. म्हणून डोनोराची हकीकत इथे सांगावीशी वाटते.

मंगळवार, २६ ऑक्टोबर १९४८
अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, मोनोन्गहेला नदीच्या वळणावर १४,००० वस्तीचं गाव. नदीकाठी पोलादाचा आणि जस्ताचा कारखाना, दोन्ही यू. एस. स्टीलच्या मालकीचे. खाली गार हवा साचली आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसलं. सल्फर डायऑक्साइड, फ्लोराइड, धातूंची वाफ, सारं टेकड्यांमध्ये कोंडलं. धुराचं कुणाला नवल नव्हतं. गावाच्या चुली त्याच्यावरच पेटत होत्या.

शुक्रवार, २९, संध्याकाळ
हॅलोविनची मिरवणूक निघाली. बघणाऱ्यांना नुसत्या सावल्या दिसल्या.

शनिवार, ३०, पहाटे २ च्या सुमारास
पहिला मृत्यू. डॉक्टरांचे फोन वाजायचे थांबेनात. अग्निशमन दलाचे जवान ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन, चाचपडत घरोघर फिरले. साठा अपुरा; शेजारच्या गावांतून उसना आणला. चार श्वास द्यायचे, मास्क काढायचा, पुढचं घर गाठायचं. काढू नका, म्हणून लोक विनवायचे. कुणाला किती श्वास, हा हिशेब त्या जवानांच्या माथी आला. भट्ट्या मात्र धडधडतच होत्या.

शनिवार, दुपार
मृत ११. तरी शाळेचा फुटबॉल सामना झाला. लाउडस्पीकरवरून एका खेळाडूला तातडीने घरी बोलावलं. तो पोचला तेव्हा वडील गेले होते. डॉ. विल्यम रोंगॉस रुग्णांना गाव सोडायला सांगत होते, पण धुक्यात रस्ता दिसेल तर ना!

रविवार, ३१, सकाळी ६
जस्ताचा कारखाना बंद करण्याचा हुकूम सुटला. पुढे पाऊस आला, हवा मोकळी झाली. एकूण मृत २०, आजारी सुमारे ६,०००.

कंपनीने याला देवाची करणी म्हटलं. जालन्याला डोनोरासारखी अरुंद दरी नाही, हे खरं; पण थंडीत हवेचं झाकण इथेही बसतं, आणि भट्टी कधी थांबवायची हे माणसंच ठरवतात.

सोमवार, १ नोव्हेंबर, सकाळ
जस्ताचा कारखाना पुन्हा सुरू झाला. तो १९५७ पर्यंत चालला.