तळटीप : ‘ग्रीन’ पक्ष
हा मूळचा पश्चिम जर्मनीतला पक्ष. स्थापना जानेवारी १९८०, कार्ल्सरूहं. ‘झाडंवाली मंडळी’ हे लेखकाचं वर्णन अपुरं आहे : अणुऊर्जेला आणि अण्वस्त्रांना विरोध हा पक्षाचा खरा पाया. १९८३ साली ५.६ टक्के मतांवर तो संसदेत पोचला (पाच टक्क्यांच्या आत सहसा दार उघडत नाही). खासदार स्वेटर घालून, कुंड्या घेऊन आले. १९८५ मध्ये पक्षाचे योश्का फिशर यांनी हेसेन राज्यात मंत्रिपदाची शपथ घेतली ती खेळाचे पांढरे बूट घालून; ते बूट आता संग्रहालयात आहेत. १९९८ मध्ये हेच फिशर सुटाबुटात देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. पुढच्याच वर्षी कोसोव्होतल्या लष्करी कारवाईला त्यांनी पाठिंबा दिला, तेव्हा पक्षाच्या बीलेफेल्ड अधिवेशनात निषेध म्हणून फेकलेली, लाल रंगाने भरलेली पिशवी त्यांच्या कानावर येऊन फुटली.