दिनविशेष : १५ जानेवारी
खाशाबा जाधव यांचा जन्म (१९२६)

स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव यांचा आज जन्मदिन. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे पैलवान. वडील दादासाहेब हेही नावाजलेले मल्ल. त्यामुळे लाल मातीशी नाते लहानपणीच जडले. मात्र कराडच्या टिळक हायस्कुलात शिकताना खाशाबा एका खेळावर थांबले नाहीत. पोहणे, धावणे, वजन उचलणे, हातोडाफेक यांतही त्यांनी चमक दाखवली. या सगळ्यांतून कमावलेली ताकद, दमसास आणि चपळाई कुस्तीत उपयोगी पडली.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, मॅटवरच्या कुस्तीचा सराव नसतानाही, त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक पटकावला. पुढच्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. या विश्वासाचे खाशाबांनी चीज केले. जुलै १९५२ मध्ये बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. गावी परतल्यावर बैलगाड्यांची भव्य मिरवणूक निघाली.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात दाखल झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर. भारताला पुढचे वैयक्तिक पदक मिळाले ते थेट १९९६ मध्ये, लिअँडर पेसच्या रूपाने. खाशाबांचा जन्मदिन महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. शाळेच्या मैदानावर सगळे खेळ खेळू पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला त्यांचे चरित्र माहीत असायलाच हवे.